दादा सगळ्यावर संशय घेतो, मग त्याचं चुकतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठा भाऊ इंजिनिअर, वाचन दांडगं. पण गेली दोन-तीन वर्षं रात्र रात्र जागून व्हिडिओ बघतो. माणूस चंद्रावर गेलाच नाही, लशींमागे भलताच डाव आहे, मोठ्या घटना आधी ठरवून मग घडवल्या जातात, असं त्याचं ठाम मत झालंय. पडताळणी केलेला लेख दाखवला की म्हणतो, "त्यांना पैसे कोण देतं ते बघ आधी. डोळे उघड, स्वतः रिसर्च कर." बहीण विचारते: शिकलेला माणूस असा कसा फसतो, मी स्वतः खरं-खोटं कसं ओळखायचं, त्याच्याशी बोलायचं कसं, आणि घरचा ग्रुप सोडून देऊ का?

ताई, मी पंधराएक वर्षं हेच काम करतोय. व्हायरल झालेला फोटो, क्लिप किंवा आकडा हातात घ्यायचा आणि तो निघाला कुठून हे शोधत मागे मागे जायचं. अलीकडे शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ते शिकवतोही. शिकवायला लागलो तेव्हा सुरुवातीला माझी एक चूक होत होती, आणि तुमच्या प्रश्नातही तीच दडलेली आहे. "कशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, प्रत्येक गोष्टीवर संशय घ्या," असं मी वर्गात सांगायचो. एका सत्राच्या शेवटी एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मी तेच करतो. म्हणून तर पृथ्वी गोल आहे हे मला पटत नाही." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण पोराने माझंच वाक्य माझ्या पदरात घातलं होतं.

तुमच्या दादाकडे संशयाची कमतरता नाही. तो सगळा एकाच बाजूला खर्च होतो, एवढंच. अधिकृत अहवाल आला की तो भिंग घेऊन बसतो. ज्याचं नाव-गाव माहीत नाही असा कुणी व्हिडिओत बोलायला लागला की भिंग खिशात. चिकित्सा म्हणजे संशय घेणं, अशी आपली समजूत असते. मला ती त्याहून अवघड गोष्ट वाटते: कुणावर, किती आणि कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा हे ठरवणं. विश्वास तर ठेवावाच लागतो. चंद्रावरची माती मी हातात घेतलेली नाही, विषाणू मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. दादानेही नाही.

आता शिक्षणाचं. शिकलेल्या माणसाला मुद्दे जोडता येतात, बाजू मांडता येते, त्यामुळे सुतावरून स्वर्ग गाठायचा तर त्याच्याकडे शिडीही चांगली असते. चंद्रावरच्या झेंड्याचंच घ्या. १९६९ च्या फोटोंत त्याच्यावर लाटा दिसतात. हवाच नाही तर झेंडा फडकतो कसा? प्रश्न बिनतोड वाटतो, आणि विचारायला पाच सेकंद लागतात. उत्तर मात्र सावकाश द्यावं लागतं. तिथे हवा नाही हे माहीत होतं म्हणूनच झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती, नाहीतर तो नुसता लोंबकळला असता. ही दांडी खेचून लांब करायची होती. अपोलो ११ या चांद्रमोहिमेतल्या दोघा अंतराळवीरांना ती पुरती खेचता आली नाही, म्हणून कापड चुणीदार राहिलं. झेंड्याला हात न लावता लागोपाठ काढलेले दोन फोटो शेजारी ठेवा, चुण्या जिथल्या तिथे दिसतात. फडकणाऱ्या कापडाचं असं होत नाही.

हे दादाला पटलं तरी तो म्हणेल, "बरं, मग आकाशात तारे का दिसत नाहीत?" (उन्हात चकाकणाऱ्या जमिनीचा फोटो काढताना शटर इतका कमी वेळ उघडं असतं की अंधुक तारे उमटतच नाहीत.) मग सावल्या येतील, मग किरणोत्सर्ग. अल्बर्टो ब्रँडोलिनी नावाच्या इटालियन प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये हे नेमकं पकडलं होतं: फालतू दावा करायला जेवढे श्रम पडतात, त्याच्या कितीतरी पट तो खोडायला पडतात. म्हणून प्रत्येक प्रश्नामागे धावायचं नाही. एक पाऊल मागे येऊन विचारायचं, हे नाटक असतं तर आणखी काय काय खरं असायला हवं होतं? चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगड-माती आणली, ती कित्येक देशांतल्या शास्त्रज्ञांनी तपासली. ते सगळे सामील? आणि शर्यत हरलेला सोव्हिएत संघ? ज्याला हे नाटक उघडं पाडण्यात सगळ्यात जास्त रस होता, तोच गप्प बसला? हा प्रश्न झेंड्याच्या चुणीपेक्षा जड आहे. जाता जाता, चंद्रावर ठेवलेल्या लेसर-परावर्तकांचा, म्हणजे पृथ्वीवरून सोडलेला लेसर परत फिरवणाऱ्या आरशांचा दाखला लोक फार देतात. तो एकटा पुरेसा नाही. सोव्हिएत संघाने असे परावर्तक माणूस न पाठवताही ठेवले होते. आपल्या बाजूचा पुरावा लंगडा असेल तर तोही सोडून देता आला पाहिजे.

"पण कट होतातच ना?" असं दादा म्हणाला तर वाद घालू नका, कारण त्याचं बरोबर आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना एका अभ्यासात घेतलं. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही आणि पुढे पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यावरही उपचार दिले नाहीत. हे १९७२ पर्यंत, म्हणजे ४० वर्षं चाललं. सिगारेट कंपन्यांना कर्करोगाबद्दल आतून काय माहीत होतं आणि बाहेर त्या काय सांगत होत्या, हाही कटच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. ते २०१५ मध्ये जगासमोर आलं.

पण हे सगळं उघडकीला कसं आलं ते बघा, खरी मेख तिथे आहे. टस्कीगीच्या अभ्यासावर त्याच सेवेतल्या पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने १९६६ पासून आक्षेप घेतले. वरिष्ठांनी दाद दिली नाही तेव्हा त्याने माहिती पत्रकारांपर्यंत पोचवली आणि जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली. गंमत म्हणजे, गंमत हा शब्द इथे वाईटच आहे, तो अभ्यास तसा लपलेलाही नव्हता. त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी छापून येत होते. वाचणाऱ्यांना त्यात काही खटकलं नाही. सिगारेट कंपन्यांचं बिंग त्यांच्याच कागदांनी फोडलं, कोर्टकचेरीत ते बाहेर आले. फोक्सवॅगनच्या बाबतीत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजला, तेव्हा प्रयोगशाळेतले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात.

खऱ्या कटाला ठरावीक माणसं असतात, पैसा, पद, वंशद्वेष असा ओळखीचा हेतू असतो, कागद असतात, आणि कोंबडं झाकलं तरी केव्हातरी आरवतंच. दादा ज्यावर विश्वास ठेवतो त्या कटाची तऱ्हा निराळी असते. पुरावा सापडला तर तो पुरावा, सापडला नाही तर "बघ, किती बेमालूम लपवलाय", आणि विरुद्ध पुरावा आला तर देणारा विकला गेलेला. अशा दाव्यात कुठेही पाय ठेवा, तो खचतच नाही. खचत नाही म्हणून लोकांना तो भक्कम वाटतो.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही स्वतः कसं ओळखायचं?

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक अभ्यास केला होता, २०१७ चा. १० इतिहासकार, १० व्यावसायिक पडताळणीकार आणि २५ विद्यार्थी यांना काही वेबसाइट दिल्या आणि विचारलं, यातली विश्वासार्ह कुठली? त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. एक अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स, दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिअट्रिशियन्स. नावं इतकी सारखी की चटकन फरक कळत नाही. विद्यार्थी पान नीट, वरपासून खालपर्यंत वाचत बसले. भाषा गंभीर आहे, संदर्भ दिलेत, जाहिराती नाहीत. इतिहासकारांपैकीही बरेच जण त्यातच अडकले. पडताळणीकार पानावर जेमतेम टेकले आणि उठले. नवी टॅब उघडून त्यांनी त्या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं, आणि थोड्याच वेळात त्यांना कळलं की पहिली १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची संस्था आहे आणि दुसरी समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाच्या मुद्द्यावरून २००२ मध्ये फुटून निघालेला छोटासा गट.

शाळेत आपल्याला उलटं शिकवलेलं असतं: नीट, लक्ष देऊन, शेवटपर्यंत वाचा. अनोळखी पानाच्या बाबतीत ही सवय घात करते. जितका वेळ तिथे बसाल तितकं ते पान तुम्हाला आपल्याकडे ओढतं, कारण तिथलं सगळं लिहिणाऱ्याने मांडलेलं असतं. आधी बाहेर पडा, हा कोण आहे ते दुसऱ्यांना विचारा, मग वाचायचं की नाही ते ठरवा. या एका सवयीने माझ्या विद्यार्थ्यांत जेवढा फरक पडलाय तेवढा बाकी कशानेही नाही.

"स्वतः रिसर्च कर" यातली खोडही इथेच सांगतो. नेचर या विज्ञान नियतकालिकात २०२३ च्या अखेरीस एक शोधनिबंध आला. खोटी बातमी पडताळण्यासाठी लोकांना इंटरनेटवर शोधायला सांगितलं, तर काही जणांचा तिच्यावरचा विश्वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. कारण लोक बातमीतलेच शब्द जसेच्या तसे टाकून शोधत होते. अमुक लशीने तमुक होतं, या "सत्याचा" शोध त्याच शब्दांत घेतला, तर ते शब्द वापरणारेच समोर येणार. दाव्यातले ठसकेबाज शब्द काढून टाका. विषय, ठिकाण, साल एवढंच टाका. मी तर दाव्याच्या उलट बाजूनेही एकदा शोधतो, आणि दोन्हीकडे काय सापडतं ते शेजारी ठेवतो.

व्हिडिओचं एक उदाहरण जवळून दाखवतो. २०१८ मध्ये भारतात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा पसरली होती, तिच्यामुळे जमावाने माणसं मारली. त्यात एक क्लिप फिरत होती: मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि निघून जातात. पाहून पोटात गोळा येतो. मूळ व्हिडिओ कराचीतल्या जनजागृती मोहिमेचा होता. त्यात ती माणसं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा अशा अर्थाचा फलक दाखवतात. शेवट कापला की झालं. चित्रातला एक बिंदू बदललेला नाही, आवाज खोटा नाही, तरी अख्खी गोष्ट खोटी. आपल्याकडे याला "ध चा मा" म्हणतात, तिथे निदान एक अक्षर तरी बदललं होतं.

अशी क्लिप आली की मी ती पुन्हा पुन्हा बघत नाही. जिथे पाटी, वाहनाचा नंबर, दुकानाचं नाव, इमारतीचा आकार दिसतो अशा ठिकाणी थांबवतो, स्क्रीनशॉट काढतो, कडा कापतो आणि तो रिव्हर्स इमेज सर्चला देतो, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आलंय ते शोधतो. एका चित्राने नाही सापडलं तर दुसरं. आलेल्या निकालांत सगळ्यात जुनं कुठलं ते आधी बघतो. आज घडलेल्या घटनेचा व्हिडिओ तीन वर्षांपूर्वी कुणी टाकलेला असेल तर पुढचं काम संपलं. एआयने बनवलेल्या चित्रांत सहा बोटं शोधायचे दिवस जवळजवळ गेले. तिथेही चित्राकडे टक लावण्यापेक्षा ते पहिल्यांदा कुणी, कुठे टाकलं हेच जास्त उपयोगी पडतं.

"संशोधनात सिद्ध झालंय" या वाक्यासाठी आकडा विचारा. लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध जोडणारा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा निबंध १२ मुलांवर होता. ब्रायन डिअर या पत्रकाराने त्यातली लबाडी खणून काढली, २०१० मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष आला, तेव्हाही असा संबंध सापडला नाही. स्वमग्नतेची लक्षणं ज्या वयात पालकांच्या नजरेत येऊ लागतात, साधारण त्याच वयात लशी दिल्या जातात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. ज्या आई-वडिलांनी हे स्वतःच्या मुलात पाहिलंय त्यांना मूर्ख म्हणू नये. त्यांनी पाहिलेला क्रम खराच असतो, फक्त त्यातून कारण निघत नाही.

मी स्वतः कसा फसलो तेही सांगायला हवं. एका नेत्याचं एक वाक्य माझ्यासमोर आलं. तो नेता मला आवडत नाही, आणि वाक्य असं होतं की माझं त्याच्याबद्दलचं मत अगदी शिक्कामोर्तब व्हावं. मी पुढे पाठवलं. चाळीसेक मिनिटांनी एका विद्यार्थिनीने मला खाजगीत लिहिलं, "सर, ही विडंबनाची साइट आहे." पानाच्या तळाशी तसं लिहिलेलंही होतं. मी काढून टाकलं, चूक झाल्याचं लिहिलं. मूळ वाक्य जितक्यांनी पाहिलं त्याच्या निम्म्यांनीही माझा खुलासा पाहिला नसेल. तेव्हापासून एखादी गोष्ट वाचून "बघा, मी म्हणत नव्हतो!" असं मनात आलं की मी फोन उलटा करून ठेवतो. संतापाची झुळूक ओळखायला सोपी असते. खुशीची ओळखायला मला दहा वर्षं लागली.

आणि ही यंत्रं त्या झुळकेवरच चालतात. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० गोष्टींचा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापला. खोटी गोष्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, वगळले तरी चित्र तेच राहिलं, म्हणजे हा उद्योग माणसांचाच. फेसबुकने तर २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे कंपनीतून फुटलेल्या कागदांवरून २०२१ मध्ये बाहेर आलं. (बघा, इथेही कागदच.) त्यात भर पडते पुनरावृत्तीची. वाक्य वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दाखवलं आणि पुढे असंही दिसलं की उत्तर माहीत असलेली माणसंसुद्धा यातून सुटत नाहीत. दादाच्या पडद्यावर तीच गोष्ट रोज वीस तोंडांतून येते. त्याला ते वीस साक्षीदार वाटतात. बऱ्याचदा ते एकाच साक्षीदाराचे वीस प्रतिध्वनी असतात.

दादाशी बोलायचं कसं? पुरावा दाखवला की माणूस उलट आणखी हट्टाला पेटतो, असं काही वर्षांपूर्वी आम्ही सगळेच सांगायचो. नंतर मोठ्या प्रमाणावर तपासलं तेव्हा तो परिणाम क्वचितच सापडला. २०२४ मध्ये सायन्समध्येच एक प्रयोग आला. कटावर विश्वास असलेल्या माणसांना त्यांचा स्वतःचा मुद्दा त्यांच्याच शब्दांत मांडायला लावला आणि एआय चॅटबॉटशी थोडा वेळ बोलू दिलं. विश्वास सरासरी वीस टक्के उतरला आणि दोन महिन्यांनीही उतरलेलाच राहिला. मला यातलं एआय फार महत्त्वाचं वाटत नाही. त्या चॅटबॉटने वैताग दाखवला नाही आणि समोरच्याच्याच मुद्द्याला उत्तर दिलं, हे महत्त्वाचं. आपण दोन्हीत कमी पडतो.

म्हणून त्यालाच निवडू द्या. "दादा, तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा कुठला?" तो एकच धरा. तो दुसऱ्यावर उडी मारायला लागला की "आधी हा संपवू" म्हणा. किती खात्री आहे, दहापैकी किती, ते विचारा. सात म्हणाला तर "दहा का नाही?" विचारा आणि मग गप्प बसा. तिथे तो स्वतःच्या शंका स्वतः सांगायला लागतो. तुम्हाला त्याच्या तोंडून ऐकायच्या असतात त्या याच. "काय दिसलं तर तुझं मत बदलेल?" हेही विचारा, पण तेच तुम्हालाही विचारलं जाणार आहे, तेव्हा आपलं उत्तर तयार ठेवा. त्याचा जो भाग खरा आहे, कंपन्या लबाडी करतात, सरकारं लपवतात, तो खुल्या मनाने कबूल करा. आणि एकदा सवडीने आठवून बघा, दोन-तीन वर्षांपूर्वी नेमकं काय झालं होतं? नोकरी, आजारपण, कुणाचं जाणं? माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत व्हिडिओंच्या आधी असं काहीतरी घडलेलं असतं, आणि त्याबद्दल त्या माणसाशी कुणी बोललेलं नसतं.

ग्रुप सोडू नका. तिथे दादाला हरवायलाही जाऊ नका. तुम्ही लिहाल ते गप्प बसून वाचणाऱ्या दहा जणांसाठी असतं, म्हणून दोन ओळी पुरे: हा व्हिडिओ जुना आहे, मूळ इथे आहे. टोमणा नको. रोजच्या माऱ्याने त्रास होत असेल तर म्यूट करून दिवसातून एकदा बघा.

अपवाद दोन. मेसेजमध्ये कुणाला औषध बंद करायला किंवा भलतंच काही घ्यायला सांगितलं असेल, किंवा एखाद्या माणसाकडे, घराकडे, दुकानाकडे बोट दाखवलं असेल, तर ग्रुपवर लिहीत बसू नका. डिसेंबर २०१६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात एक माणूस रायफल घेऊन शिरला, तळघरात डांबलेली मुलं सोडवायला. इंटरनेटवर त्याने तसं वाचलं होतं. त्याने गोळ्या झाडल्या, सुदैवाने कुणाला लागल्या नाहीत. मग त्याने सगळीकडे शोधलं. त्या दुकानाला तळघरच नव्हतं. असा मेसेज दिसला की आधी फोन उचला आणि ज्याने पाठवला त्याच्याशी, मग ज्याच्यावर बोट आहे त्याच्याशी बोला.